गाण्याच्या टीव्ही स्पर्धांची ओढ का ओसरली? 'सगळं ठरलेलं असतं' याच्या पलीकडची कारणं हवीत

सूरपेटी

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास येतात. एक, 'आता तसे आवाज राहिले नाहीत'. दोन, 'सगळं आधीच ठरलेलं असतं'. पहिलं पटत नाही, कारण ऑडिशनच्या क्लिप्स पाहिल्या तर मुलांची तयारी कुठे कमी दिसत नाही. दुसऱ्याला पुरावा कुणी देत नाही. आणि समजा सगळं खरंच ठरलेलं असेल, तरी चांगलं गाणं ऐकायला लोक बसलेच असते की. तेही बसत नाहीत.

म्हणून चार प्रश्न :

१. ओढ खरंच कमी झाली आहे, की एकूण टीव्ही पाहणंच कमी झालंय?
२. सगळे स्पर्धक एकसारखे गुळगुळीत का ऐकू येतात?
३. 'अर्धे गुण परीक्षकांचे, अर्धे प्रेक्षकांचे' असं सांगतात, तेव्हा परीक्षकांचं मत खरोखर अर्धं मोजलं जातं का?
४. जिंकणाऱ्याचं पुढे काही होताना का दिसत नाही?

ध्वनिमुद्रण, संकलन, आकडेमोड यातलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. आवडता स्पर्धक कोण, यासाठी वेगळा धागा आहे.

---

आकडेमोड

प्रश्न १ : दोन्ही. पण एकूण प्रेक्षक आणि क्रमांक या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात.

'अमेरिकन आयडॉल' घेऊ, कारण त्याचे आकडे जाहीर आहेत आणि त्यात चढ आणि उतार दोन्ही दिसतात. ब्रिटनच्या २००१ मधल्या 'पॉप आयडॉल'वरून तो ११ जून २००२ ला फॉक्स वाहिनीवर सुरू झाला. २००३ ची अंतिम फेरी सुमारे ३ कोटी ८० लाख लोकांनी पाहिली. २००३-०४ ते २०१०-११ असे सलग आठ हंगाम तो अमेरिकेतला सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम होता. एप्रिल २०१६ मध्ये फॉक्सने तो गुंडाळला तेव्हा शेवटच्या भागाला सुमारे १ कोटी ३० लाख प्रेक्षक होते. मार्च २०१८ पासून तो एबीसीवर परत आला, पण पहिला क्रमांक काही परत आला नाही.

त्या वर्षांत सगळ्याच कार्यक्रमांचे प्रेक्षक घटले हे खरं. पण घट फक्त तेवढ्यामुळे असती तर आकडा खाली आला असता आणि क्रमांक टिकला असता. इथे क्रमांकही गेला.

यापेक्षा बोलका आकडा मतांचा आहे. २००३ च्या अंतिम फेरीत सुमारे २ कोटी ४० लाख मतं पडली, आणि विजेता व उपविजेता यांच्यात साधारण १ लाख ३४ हजारांचं अंतर होतं. २०१२ च्या अंतिम फेरीत १३ कोटी २० लाख मतं. म्हणजे प्रेक्षक खूप कमी आणि मतं साडेपाच पट! २००३ मध्ये फोनच्या लाइनी तुंबायच्या, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही. तरी दिशा स्पष्ट आहे : सहज बघणारा निघून गेला आणि रात्रभर मतं टाकणारा राहिला. स्पर्धा मग त्या राहिलेल्यांसाठीच आखली जाऊ लागली, आणि सहज बघणाऱ्याला परत यायला कारण उरलं नाही.

आपल्याकडचे टीआरपी मांडताना एक काळजी घ्या. २००५ चे आकडे टॅम या तेव्हाच्या मोजणी संस्थेचे आणि प्रामुख्याने शहरी. २०१५ पासून बार्क ही दुसरी संस्था मोजते आणि त्यात ग्रामीण घरंही आहेत. '२००५ ला इतका होता, आता इतकाच' अशी वाक्यं म्हणून निरर्थक. तुलना करायचीच तर एकाच वर्षातल्या, एकाच वेळेच्या कार्यक्रमांमधला क्रमांक बघा.

आणखी एक खूण. कोरियात २०१५ ला आणि अमेरिकेत जानेवारी २०१९ ला मुखवटा घालून गाण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि चांगला चालला. कोण जिंकलं हे तिथे कुणी विचारत नाही. मुखवट्यामागे कोण, एवढं कोडं त्याच रात्री सुटतं. गाण्याला प्रेक्षक आहे, निकालाला नाही, असं मी यातून काढतो.

---

फोल्डबॅक

प्रश्न २ माझ्या प्रांतातला आहे, जरा लांबेल.

स्टेजवरच्या माइकचा सिग्नल आधी दोन वाटांनी फुटतो. एक मॉनिटर डेस्ककडे, तिथून गायकाच्या कानातल्या इन-इअरमध्ये. दुसरा रेकॉर्डिंगकडे. तबला, ढोलक, कीबोर्ड, बास, प्रेक्षकांवर रोखलेले माइक, सगळ्यांचे वेगळे ट्रॅक होतात. तुम्ही घरी ऐकता तो या ट्रॅकवरून नंतर केलेला मिक्स असतो. सभागृहात बसलेल्या माणसाने ऐकलेलं गाणं आणि तुम्ही ऐकलेलं गाणं एक नसतं.

साचेबंदपणाची सुरुवात मात्र माइकच्याही आधी होते. वादक क्लिक ट्रॅकवर (कानात टिकटिकणाऱ्या ठरलेल्या लयीवर) वाजवतात, कारण दिव्यांचे बदल आणि मागच्या पडद्यावरची चित्रं टाइमकोडला, म्हणजे एका सामाईक घड्याळाला, बांधलेली असतात. लय एका आकड्यावर खिळते. अंतरा संपवताना गायकाला दोन मात्रा जास्त रेंगाळावंसं वाटलं, तर जागा नाही. ठुमरीतला बोलबनाव, नाट्यपदातली सम गाठण्याची ओढाताण, गझलेत शेराची पहिली ओळ दोनदा वेगळी म्हणणं : हे सगळं 'इथे आठ मात्रांची जागा' एवढ्यावर येतं. गायक मग त्या आठ मात्रांत बसणारी एकच खात्रीची तान घोटून आणतो. ती दर आठवड्याला ऐकू येते.

मग मिक्सिंग. एका भागात आठ-दहा गाणी आणि प्रक्षेपण डोक्यावर. त्यामुळे आवाजावरची प्रक्रिया एकदा बसवून प्रीसेट म्हणून ठेवली जाते. साधारण अशी :

– ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं;
– २५० ते ४०० हर्ट्झमधला गढूळपणा दोन-तीन डेसिबलने उतरवायचा;
– ३ ते ५ किलोहर्ट्झ उचलायचं, म्हणजे शब्द पुढे येतात;
– ४:१ च्या आसपास कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून हळूच्या जवळ आणणं), ६ ते ८ डेसिबल दाबेपर्यंत;
– ६ ते ८ किलोहर्ट्झवर डी-एसर ('स', 'श'चा टोचरेपणा कमी करायला), आणि वर मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब (घुमारा).

यात चुकीचं काहीच नाही. पण हीच साखळी दहा वेगळ्या गळ्यांवर चढवली की जाड आवाज पातळ होतो, पातळ आवाज भरीव होतो, आणि दहाही जण मध्यावर येऊन भेटतात. कॉम्प्रेशनमुळे हळू म्हटलेली ओळ आणि टिपेची तान जवळपास सारख्या मोठ्या ऐकू येतात. घरी बसून गायकाने आवाज किती राखून वापरला हे कळायला मार्गच नाही.

आता पिच करेक्शन, म्हणजे सूर यंत्राने दुरुस्त करणं. याचे दोन प्रकार. एक ऑटोट्यूनसारखं आपोआप चालणारं; ते १९९७ पासून आहे. त्याला पट्टी आणि सप्तक सांगायचं, आणि सूर किती झपाट्याने जागेवर ओढायचा ती गती मिलिसेकंदात द्यायची. शून्य दिली की तो यंत्रासारखा आवाज येतो. २० ते ५० च्या दरम्यान ठेवली की बहुतेकांना कळत नाही. दुसरा प्रकार मेलोडाइनसारखा, ज्यात प्रत्येक स्वर पडद्यावर वेगळा दिसतो आणि हाताने सरकवता येतो. दुसऱ्या पद्धतीत मींड शाबूत ठेवता येते, पण दोन मिनिटांच्या गाण्याला जाणकाराचा तासभर सहज जातो. दहा गाणी, एक रात्र. मग कुठली पद्धत वापरली जाईल ते तुम्हीच ओळखा.

आपल्या संगीताचं नुकसान नेमकं इथे होतं. मींडेत दोन स्वरांमधला प्रवास सलग असतो. यंत्र त्या वाटेवरच्या प्रत्येक अर्ध्या स्वराला थांबा समजतं आणि उतार होता तिथे पायऱ्या पडतात. दरबारीतला कोमल गंधार आंदोलित असतो, एका ठिकाणी उभाच राहत नाही. यंत्र त्याला उभं करतं. शुद्ध गंधाराचं आणखी वेगळं. कीबोर्डचं सप्तक बारा समान भागांचं असल्याने त्यावर तो षड्जापासून ४०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग); तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार साधारण ३८६ सेंटवर असतो. तयार गळा त्या ३८६ वर जाऊन बसला की सॉफ्टवेअर त्याला १४ सेंट 'उतरलेला' ठरवून वर ढकलतं. म्हणजे जो जास्त सुरेल गायला, त्याचीच दुरुस्ती होते.

हे फक्त आपल्याकडे नाही. २०१० मध्ये ब्रिटनच्या 'एक्स फॅक्टर'च्या ऑडिशनच्या भागांत असं करेक्शन वापरल्याचं प्रेक्षकांच्या लक्षात आलं, आरडाओरड झाली, निर्मात्यांना ते कबूल करून थांबवावं लागलं.

---

सूरपेटी

फोल्डबॅक, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. एक पुरवणी प्रश्न : हे घरी बसून ओळखता येतं का? 'मला वाटलं' यापेक्षा पक्कं काही?

---

फोल्डबॅक

बऱ्यापैकी येतं. हेडफोन लावा, टीव्हीच्या स्पीकरवर नको.

माइककडे बघा. गायक शेवटचा स्वर लांबवताना माइक तोंडापासून वीतभर लांब नेतो. त्या क्षणी आवाज पातळ व्हायला हवा आणि सभागृहाचा घुमारा वाढायला हवा. काहीच बदललं नाही, तर तो आवाज त्या माइकमधून त्या वेळी आलेला नाही. नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन घेतलेला असण्याची शक्यता जास्त. फार जोराचं कॉम्प्रेशनही थोडा असाच भास करतं, म्हणून पातळीपेक्षा घुमाऱ्यातला बदल ऐका.

टाळ्या ऐका. खऱ्या टाळ्या गायकाच्या माइकमध्येही शिरतात, त्यामुळे टाळ्यांच्या वेळी त्याच्या आवाजाचा रंग किंचित बदलतो. वरून चढवलेल्या टाळ्या गाण्याला अजिबात शिवत नाहीत, आणि बहुतेकदा त्यांची सुरुवात-शेवट फार नेटका असतो.

परीक्षकांचे चेहरे दाखवतात तेव्हा टेबलावरचा पाण्याचा ग्लास बघा. एकाच गाण्यात पाणी कमी-जास्त होत असेल तर ती डोळे पुसणारी प्रतिक्रिया दुसऱ्याच गाण्याची आहे.

आणि पुरावाच हवा असेल तर सुराचा आलेख काढणारं प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. साथ असलेल्या गाण्यावर त्याचा उपयोग नाही, बास आणि कीबोर्ड मिळून आलेख बिघडवतात. ऑडिशनमधला बिनसाथीचा तुकडा निवडा. पिचची मर्यादा पुरुषाच्या आवाजाला ७५ ते ४०० हर्ट्झ, स्त्रीच्या आवाजाला १२० ते ९०० च्या आसपास द्या, नाहीतर एक सप्तक खाली-वर उड्या दिसतील. मग दीड-दोन सेकंद टिकवलेला स्वर बघा. माणसाचा स्वर सुरुवातीला किंचित खालून येतो, मध्ये हलतो, श्वास संपताना जरा उतरतो. सरळ पट्टीने आखल्यासारखी रेघ आणि दोन स्वरांमध्ये उभा कडा दिसला, तर सूर यंत्राने सरळ केलाय असं समजा.

---

मध्यलय

ध्वनीवर एवढा राग मला जरा जास्त वाटतो. सिनेमाच्या गाण्यात हे सगळं कितीतरी वर्षं चालतं आणि लोक ती गाणी आवडीने ऐकतात. ओढ कमी होण्याचं मुख्य कारण वेळ आहे. कार्यक्रमात गाणंच नसतं.

खात्री करायची सोपी पद्धत : कुठलाही एक भाग घ्या, जाहिराती वगळा, चार रकाने करा. गाणं, परीक्षकांचं बोलणं, स्पर्धकाच्या घरची गोष्ट, बाकी सगळं (सूत्रसंचालन, विनोद, नव्या सिनेमाच्या प्रचाराला आलेले पाहुणे). स्टॉपवॉच लावून सेकंद टिपत जा. गाण्यामध्येच आईचा चेहरा दाखवला तर तो वेळ गाण्यातच धरा, नाहीतर मोजणं जमत नाही. एकाच कार्यक्रमाच्या जुन्या आणि नव्या हंगामाचे तीन-तीन भाग मोजलेत की वाद घालायची गरज पडत नाही.

जे गाणं उरतं तेही दीड-दोन मिनिटांचं. त्यात मुखडा, एकच अंतरा, मग टाळ्यांची जागा. दीड मिनिटात छाप पाडायची तर चढ्या सुराचं गाणं निवडणं भाग आहे. शेवटी पट्टी अर्ध्या स्वराने वर नेणं हाही त्यातलाच प्रकार. मंद्रात रमणारं, शब्दांवर चालणारं गाणं निवडणारा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच जातो. गाण्यांची यादी तरी कुठे मोकळी असते? ज्या गाण्यांचे प्रक्षेपणाचे आणि डिजिटलचे हक्क मिळालेत तीच यादी, म्हणून दर हंगामात तीच शंभर-दीडशे गाणी फिरताना दिसतात.

---

फोल्डबॅक

मध्यलय, वेळेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण सिनेमाची तुलना लागू नाही. तिथे सूर दुरुस्त करून गाणं चांगलं होतं आणि विषय संपतो, तिथे निकाल लागत नसतो. इथे दोन माणसांत कोण सुरेल हे ठरवायचंय आणि दोघांनाही सुरेल करून ऐकवायचं. मग प्रेक्षकाने निवडायचं कशावर? घरच्या गोष्टीवरच. तुमचा तिसरा रकाना फुगण्याचं एक कारण माझ्या रकान्यात आहे.

---

बेरीजवाला

प्रश्न ३. 'अर्धे-अर्धे' हे बहुतेक वेळा अर्धे-अर्धे नसतं. यात लबाडीच असायला हवी असं नाही, साध्या बेरजेचा दोष आहे.

तीन स्पर्धक घ्या. परीक्षकांचे शंभरपैकी गुण : अ ९६, ब ९४, क ९१. प्रेक्षकांची मतं टक्क्यांत : अ २०, ब ४५, क ३५. दोन्हींचे निम्मे करून मिळवा :

अ : ४८ + १० = ५८
ब : ४७ + २२.५ = ६९.५
क : ४५.५ + १७.५ = ६३

परीक्षकांच्या अर्ध्या भागात पहिला आणि शेवटचा यांच्यात अंतर किती? अडीच. प्रेक्षकांच्या अर्ध्या भागात साडेबारा. म्हणजे परीक्षकांचं वजन कागदावर अर्धं, प्रत्यक्षात एकास पाच. अंतिम क्रम ब, क, अ : हुबेहूब प्रेक्षकांचा क्रम. परीक्षक नसते तरी हाच लागला असता.

वजन टक्क्यावरून ठरत नाही, गुण किती पसरलेत यावरून ठरतं. आणि गेल्या काही वर्षांत परीक्षकांचे गुण पसरायचेच थांबलेत. सगळ्यांना उभं राहून टाळ्या, सगळ्यांना नव्वदच्या वर. कडक बोलणारा परीक्षक गेला याचं लोकांना वाईट वाटतं ते करमणूक गेली म्हणून; माझ्या दृष्टीने त्याच्याबरोबर माहिती गेली. सात जणांना 'अप्रतिम' म्हटल्यावर आठवा कसा गायला हे प्रेक्षकाला कसं कळणार?

उपाय अवघड नाही : गुणांऐवजी क्रमांकांचे गुण मिळवा. तिघांत पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. परीक्षकांकडून अ ३, ब २, क १. प्रेक्षकांकडून अ १, ब ३, क २. बेरीज अ ४, ब ५, क ३. ब अजूनही पहिला, पण अ आणि क यांची अदलाबदल झाली. परीक्षकांचं मत आता खरोखर मोजलं गेलं.

मतदानातल्या इतर गोची थोडक्यात :

अमर्याद मतं. एका फोनवरून कितीही मतं देता येतात तेव्हा मोजला जातो तो उत्साह आणि पैसा. 'इंडियन आयडॉल'च्या २००७ च्या हंगामात प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंग परिसरातल्या चाहत्यांनी वर्गणी काढून एसएमएस पाठवले. त्यात नियमभंग नव्हता. नियमच तसा होता.

मतविभागणी. सारख्या धाटणीचे दोन गायक एकमेकांची मतं खातात. सगळ्यांच्या यादीत दुसरा असलेला गायक बाहेर जातो, कारण मत फक्त पहिल्या पसंतीला देता येतं. प्रेक्षक ज्याला 'अरे, हा कसा काय गेला?' म्हणतो तो बहुतेकदा हाच.

क्रम. शेवटी गाणाऱ्याला फायदा होतो, हे अशा स्पर्धांच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला पाहिजे आणि मतदान सगळे गाऊन झाल्यावरच उघडलं पाहिजे.

आणि आकडे जाहीर करा. कोरियातल्या 'प्रोड्यूस' या पॉप गट निवडणाऱ्या स्पर्धा-मालिकेतल्या २०१९ च्या हंगामात मतं जाहीर झाली, म्हणूनच घोटाळा पकडला गेला. प्रेक्षकांनी वजाबाक्या करून पाहिल्या तर २९,९७८ हे एकच अंतर अनेक क्रमांकांच्या जोड्यांमध्ये पुन्हा पुन्हा येत होतं. खऱ्या मतमोजणीत असं होत नाही. चौकशी झाली, २०२० मध्ये निर्मात्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. आकडेच दिले नसते तर कुणाला काय कळलं असतं? सूरपेटी, 'सगळं ठरलेलं असतं' याला पुरावा मिळत नाही तो एवढ्याचसाठी : तपासायला काही हातात देतच नाहीत.

---

खर्जातला

प्रश्न ४ कुणी घेतला नाही. माझ्या मते तोच पहिला हवा.

२००२ मध्ये 'अमेरिकन आयडॉल' केली क्लार्कसन जिंकली आणि तिचं विजयाचं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत ५२ वरून थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. प्रेक्षकांनी मत दिलं आणि त्याचा परिणाम महिनाभरात बाहेरच्या जगात दिसला. मार्च २००५ ला 'इंडियन आयडॉल' अभिजीत सावंत जिंकला तेव्हा आपल्याकडेही तीच हवा होती.

मग उलटे दाखले साचत गेले. जेनिफर हडसन 'अमेरिकन आयडॉल'मध्ये २००४ ला सातवी आली आणि २००७ ला ऑस्कर घेऊन गेली. वन डायरेक्शन हा गट 'एक्स फॅक्टर'मध्ये २०१० ला तिसरा. अरिजित सिंग २००५ च्या 'फेम गुरुकुल'मध्ये होता, जिंकला नाही. नेहा कक्कर 'इंडियन आयडॉल'ची स्पर्धक होती, नंतर त्याच कार्यक्रमाची परीक्षक झाली. हे कौतुकाने सांगितलं जातं, पण प्रेक्षक त्यातून काय शिकतो? की निकालाला अर्थ नाही.

त्याहून वाईट दाखला विजेत्यांचाच आहे. पवनदीप राजन २०१५ मध्ये 'द व्हॉइस इंडिया' जिंकला, आणि पुढे 'इंडियन आयडॉल'चा बारावा हंगाम स्पर्धक म्हणून पुन्हा पहिल्यापासून गायला आणि २०२१ मध्ये जिंकला. गायक उत्तमच आहे, प्रश्न त्याचा नाही. राष्ट्रीय पातळीवरच्या एका स्पर्धेच्या विजेत्याला पुन्हा ऑडिशनच्या रांगेत यावं लागत असेल, तर पहिल्या विजयाने दिलं काय?

असं होण्यामागे कामाचं स्वरूप आहे. स्पर्धा जिंकायला लागतो तो फेकीचा आवाज : मोठी पट्टी, टिपेचा सूर, सभागृह भरेल असा. आज पार्श्वगायनात बऱ्याचदा मागतात ते उलट : माइकच्या जवळ, अर्ध्या आवाजात, श्वास ऐकू येईल असं. स्टुडिओतला कंडेन्सर माइक चार-सहा इंचांवरून गळ्याची प्रत्येक खरखर पकडतो. तिथे स्टेजवरची ताकद ओरडल्यासारखी वाटते. शिवाय संगीतकाराकडे एकाच गाण्याचे दोन-तीन आवाजांतले स्क्रॅच (कच्ची ध्वनिमुद्रणं) आधीच पडलेले असतात. त्या रांगेत करंडक चालत नाही. सांगितल्याबरोबर चाल उचलणं, शब्दाचा उच्चार आणि दहाव्या टेकलाही पहिल्यासारखा आवाज हे चालतं. यातलं एकही टीव्हीवर तपासलं जात नाही.

त्यात कालावधी. 'अमेरिकन आयडॉल'चा पहिला हंगाम जून ते सप्टेंबर, तीन महिन्यांत संपला. 'इंडियन आयडॉल'चा बारावा हंगाम नोव्हेंबर २०२० ला सुरू झाला आणि १५ ऑगस्ट २०२१ ला बारा तासांच्या अंतिम सोहळ्याने संपला. इतका काळ दर आठवड्याला दिसलेला चेहरा कार्यक्रम संपताच गायब होतो, कारण वाहिनीला लगेच पुढची जाहिरात करायची असते. हंगामाच्या काळात आणि नंतर काही महिने करारामुळे दुसरीकडे गाता येत नसेल, तर लोकांच्या आठवणीत असतानाचा काळ वाया जातो.

अपवाद आहे, तोही नोंदवतो. २००८-०९ चं मराठी 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'. कार्तिकी गायकवाड जिंकली, पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत हे चौघेही तितकेच लक्षात राहिले. पाच जणांची पाच वेगळी घराणी म्हणावीत इतके वेगळे गायनप्रकार होते, आणि अभंग, नाट्यपद, भावगीत असं एकेकाला आपापलं गायला मिळालं. २०२१ मध्ये त्याच पाच जणांना परीक्षक म्हणून बसवलं, यावरून वाहिनीलाही त्याची किंमत ठाऊक आहे.

---

आकडेमोड

खर्जातला यांना दुजोरा. एक भर : २००२ मध्ये अनोळखी गायकाला लाखो लोकांपुढे जायला टीव्हीशिवाय रस्ता जवळपास नव्हता. आता गायक स्वतःचे ऐकणारे आधी मोबाइलवर जमवतो आणि मग स्पर्धेत येतो. कार्यक्रम त्याला शोधत नाही, त्याचे चाहते उसने घेतो. 'शोध' हा शब्द जाहिरातीत राहिला.

---

सूरपेटी

सगळ्यांचे आभार. बेरीजवाला, एक शंका : क्रमांकांच्या पद्धतीत बरोबरी झाली तर? तिघांत तर ती सारखीच होईल.

---

बेरीजवाला

होईल, म्हणूनच ती पद्धत पाच किंवा जास्त स्पर्धक असतानाच वापरावी. तरीही बरोबरी झाली तर कुणाचा क्रमांक वरचढ धरायचा (बहुधा प्रेक्षकांचा) हे हंगाम सुरू होण्याआधी लिहून जाहीर करायचं. अंतिम फेरीच्या रात्री ठरवलेला नियम कितीही न्याय्य असला तरी कुणी मानत नाही.

तीन-चार स्पर्धक उरले की दुसरी रीत. प्रत्येकाच्या गुणातून सरासरी वजा करायची आणि प्रमाणित विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाने) भागायचं. परीक्षकांचं वेगळं, प्रेक्षकांचं वेगळं. मग बेरीज. वरच्याच उदाहरणात परीक्षकांची सरासरी ९३.६७, विचलन २.०५, प्रेक्षकांची ३३.३३ आणि १०.२७. बेरीज येते ब १.३०, अ उणे ०.१६, क उणे १.१४. दोन्ही बाजू एकाच मापावर येतात, कुणी नव्वदच्या वरच गुण वाटत बसला तरी फरक पडत नाही. फक्त परीक्षकांनी सगळ्यांना अगदी सारखे गुण दिले तर विचलन शून्य येतं आणि भागाकार अडतो. त्या रात्री निव्वळ प्रेक्षकांच्या मतांवर निकाल लावायचा, आणि तसं पडद्यावर लिहायचं.